पाळक बदलताना मंडळीनं काय मागावं

नमस्कार श्रोतेहो, सगळ्यांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

चर्चचे जुने पाळक, म्हणजे पास्टर, जाणार आणि नवीन कोण येणार ते अजून नक्की नाही, असा मधला काळ तुमच्याही मंडळीनं कधीतरी बघितला असेलच. या दिवसात उपासना सुटली की बाहेर जी कुजबुज सुरू होते ना, ती उपासनेपेक्षा जास्त वेळ चालते, कोण येणार, कमिटीत कुणाचं चालतं, अमक्याचं नाव पुढे केलं कुणी. प्रार्थना पण होते, नाही असं नाही, मिटिंगच्या सुरुवातीला दोन मिनिटं.

मला अशा वेळी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आठवतो. येशूच्या बारा शिष्यांपैकी ज्यानं त्याला धरून दिलं त्या यहूदाची जागा रिकामी झालीय, साधारण 120 माणसं जमलीत आणि ती आधीपासूनच प्रार्थनेत आहेत. पण नुसती प्रार्थना करून बसून राहिली नाहीत हं, त्या शिष्यांपैकीच पेत्रानं उठून अट सांगितली, की योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला तोपर्यंत जो आपल्यासोबत होता असाच माणूस पाहिजे, मग दोन नावं निघाली, योसेफ बर्सबा आणि मत्थिया, आणि मग परत प्रार्थना, की प्रभू, मनं तू ओळखतोस, यातला तू कुणाला निवडलंयस ते दाखव. म्हणजे चौकशी, इंटरव्ह्यू हे सगळं करायचंच, प्रार्थनेच्या नावाखाली ते टाळायचं नाही. पण "हाच दे" असं ते म्हणाले नाहीत. आपली प्रार्थना बरेचदा तयार अर्जासारखी असते, नाव आपण आधीच भरलेलं, देवानं फक्त सही करायची!

मग त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी मत्थियाची निघाली. मला मात्र राहून राहून बर्सबाचा विचार येतो, त्याचं पुढे काय झालं ते कृत्यांमध्ये कुठंच नाही (तसं मत्थियाचंही नाही म्हणा). ज्याचं नाव मागं पडलं तो आणि त्याच्या घरचे पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसतात, त्यांच्यासाठी कोण प्रार्थना करतं?

आणि जाणाऱ्यांसाठी? बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला कळतं की वचनदत्त देश, म्हणजे देवानं द्यायचा कबूल केलेला देश, आपण फक्त लांबून बघणार, तरी तो स्वतःसाठी काही मागत नाही, लोकांची अवस्था मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होऊ नये एवढंच मागतो. स्वतःच्या मुलाचं नाव सुद्धा सुचवत नाही, यहोशवाचं नाव देवच सांगतो. इतकी वर्षं सांभाळलेली माणसं दुसऱ्याच्या हातात देणं जड जातं हो, म्हणून जाणाऱ्या पाळकांना सुद्धा आपली प्रार्थना लागते.

प्रेषित पौलानं मिलेत गावात इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांचा, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांचा, निरोप घेतला तेव्हा बोलून झाल्यावर सगळ्यांसोबत गुडघे टेकले, ते सगळे खूप रडले, आणि मग त्याला जहाजापर्यंत पोचवायला गेले. आपल्या निरोप समारंभात भाषणं भरपूर होतात, फोटो होतात, गुडघे टेकायचं तेवढं राहून जातं.