राखड आणि काळी माती

(दृश्य : मे महिन्यातलं शेत, जमिनीच्या भेगा)

ही भेग बघा, कोपरापर्यंत हात जातोय आत. विदर्भातली काळी माती आहे ही, आणि जुलैत हीच इतकी फुगते की घराचं जोतं उचललं जातं, भिंती तडकतात, वर डांबर टाकलं असेल तर दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या लाटा होतात. कापसाला सोनं, बांधकामाला डोकेदुखी.

(दृश्य : लॅबमधले दोन मेजरिंग सिलिंडर)

दोन्हीत तीच चाळलेली माती, १०-१० ग्रॅम. एकात रॉकेल, एकात पाणी. २४ तासांनी रॉकेलमधली आहे तेवढीच, पाण्यातली जवळपास दुप्पट. या मातीच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, रॉकेल नाही शिरत. (व्हिडिओत मध्येच उडी दिसतेय ती लाईट गेली होती म्हणून.)

(दृश्य : वीज केंद्राची धुराडी, राखड नेणारा बल्कर टँकर)

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, ही आपली कोळशावरची वीज केंद्रं. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राखच असते, म्हणजे राखडीला, कोळसा जळून उरणाऱ्या या राखेला, तोटा नाही. पिठासारखी बारीक, हातावर घेतली की रेषांत जाऊन बसते. पण काळी माती आवरायला ती नुसती मिसळून भागत नाही, आपल्या राखडीत चुना कमी, तो वरून घालावा लागतो. चुन्यातलं कॅल्शियम मातीला धरतं, तिचा चिकटपणा जातो, आणि मग राखडीतली सिलिका चुन्याशी मिळून सिमेंटसारखी घट्ट होत जाते, हळूहळू, कित्येक आठवडे.

(दृश्य : रोटावेटर, गोण्या, रोलर)

आधी ढेकळं फोडायची, मग राखड, मग चुना. गोणी फोडताना पोरांनी तोंडाला दुपट्टे बांधलेत ते उगाच नाही, चुना नाकातोंडात जातो, आणि डोळ्यात गेला की संपलं. पाणी किती मारायचं ते लॅबने सांगितलंय, पण मुकादम मूठच आवळून बघतो, लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिकटायला नको. मग रोलर. एरवी एवढ्या भरावाला कुठली तरी टेकडी पोखरून मुरूम आणला असता, आणि इकडे राखडीचे तलाव भरतच राहिले असते. राखड वापरा असं सरकार १९९९ च्या अधिसूचनेपासून सांगतंय.

राखडीत आर्सेनिक, पारा यांचे अंश असतात, विहीर-नाला जवळ असेल तर आधी तपासणी हवी, ती दर वेळी होतेच असं नाही.

(दृश्य : पहिला मोठा पाऊस)

डावीकडे राखडीचा पट्टा. उजवीकडे पैसे संपले म्हणून तसाच सोडलेला. ट्रॅक्टर कुठे रुतलाय ते दिसतंयच.