भंगाराची वही

(दृश्य: माळ्यावरून उतरणारी लोखंडी पेटी)

पेटीचं कुलूप कधीचंच हरवलंय. कडीला सुतळी बांधलेली. आजीनं ती दातानं सोडली, झाकण उघडलं आणि आधी बाहेर पडली ती एक कसर. तिच्या मागोमाग कागद.

वर्धा-हिंगणघाट रस्ता सोडून आत वळलं की हे गाव. घरात आजी आणि बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली नात. नातीनं मोबाइलवर जंक जर्नल नावाचा प्रकार पाहिला: वापरून झालेले कागद, तिकिटं, चिंध्या घेऊन हातानं शिवलेली, सजवलेली वही. आजी तिला पहिल्या दिवसापासून भंगाराची वही म्हणते. व्हिडिओतल्या बाईंनी त्यासाठी जुना दिसणारा कागद विकत आणला होता. डाग छापलेले, सुरकुत्याही छापलेल्या. आपल्याकडे खरा जुना कागद किलोवर जातो.

(दृश्य: ओसरीत पसरलेले कागद)

लग्नपत्रिका. एसटीची भोक पाडलेली तिकिटं. निळी आंतरदेशीय पत्रं. शाळेच्या वह्यांची कोरी उरलेली मागची पानं, बियाण्यांची रिकामी पाकिटं, पंचांग. आजी एकेक उचलून बाजूला टाकते. सातबारा आणि फेरफाराचे कागद मात्र तिनं मांडीखाली घेतले. "याले हात नाही लावाचा."

ही पावती पाहा. तळहाताएवढी, कार्बनची निळी अक्षरं, कडा झिजलेल्या. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, १९७२ साली सुरू झाली, त्यानंतरच्या कुठल्यातरी हंगामातली. आजोबांनी बैलगाडीतून कापूस केंद्रावर नेला, रात्र गाडीखाली काढली आणि हा कागद घेऊन परत आले. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, नंतर. त्या हंगामाचा हिशेब कसा बसला, कर्जाचं काय झालं, ते प्रकरण वेगळं आहे.

(दृश्य: आजीच्या हातात पावती. बारा सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: बादलीत भिजणारा कागद, मिक्सर)

आता लगदा. या कामाशी वर्ध्याचं जुनं नातं आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं इथल्या मगनवाडीत. संघाचं काम पाहणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथेच बसायचे. तेलघाणी, गूळ, मधमाश्या, तसाच हातकागद. चिंध्या आणि रद्दी कुटून पुन्हा पान करायचं, म्हणजे गावातलं टाकाऊ गावातच कामाला येतं, हा त्यांचा हिशेब. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. आजही ते उभं आहे. आमच्या तालुक्यातल्या किती शाळा मुलांना तिथे घेऊन जातात, हे विचारू नका.

नातीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं रद्दी दोन दिवस भिजवली आणि मिक्सरमध्ये फिरवली. मग विचार केला, कापसाच्या जिल्ह्यात राहतो, तर कापूसही घालू. सरकीसकट नाही, साफ केलेलाच. मिक्सर दोन फेऱ्यांत घुरघुरून बंद पडला. कापसाचा धागा लांब, तो पात्याला गुंडाळून बसला. आजीनं सुरीनं तो खरवडून काढला. "नखाएवढं काप अन् मंग टाक." दुसऱ्या खेपेला चिमूटभरच कापूस घातला, तोही बारीक कातरून.

(दृश्य: चौकट पाण्यात जाते, वर येते)

चौकट म्हणजे फुटलेल्या पाटीची लाकडी कड. तिला मच्छरदाणीची जाळी ठोकली आहे. टबात पातळ लगदा ढवळायचा, चौकट तिरपी आत घालायची, आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. हलली तर पानाला एकीकडे गाठ, दुसरीकडे भोक. पाणी निथळलं की धोतराच्या जुन्या फडक्यावर उलटी करून दाबायची. पहिली पाच पानं परत टबात गेली. सहावं हे. मार्चच्या उन्हात दोन तासांत ते फडक्यावरून अलगद सुटलं. कडा खडबडीत, मध्ये कुठल्याशा पत्रिकेतलं एक सोनेरी अक्षर अडकलेलं.

(दृश्य: पळसाची झाडं, पातेलं)

बाकीच्या कागदांना रंग. पळसाला या दिवसांत पान नसतं, नुसती फुलं. आजी त्यांना पयसाची फुलं म्हणते. ती उकळून पाणी गाळलं, तुरटी टाकली की पिवळा, चिमटीभर चुना टाकला की गडद केशरी. दुसऱ्या परातीत कोरा चहा. वहीचा कागद तो लगेच पितो. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद पीत नाही, थेंब वरच्या वर घरंगळतात. बॉलपेनचं अक्षर पाण्यात टिकतं, शाईपेनचं पसरतं. हे एका आंतरदेशीय पत्रावर कळलं. पत्र मामाचं होतं. पावती चहात घातली नाही.

(दृश्य: घड्या, टोचा, दाभण)

पाच कागद एकात एक घालून मधे घडी, की झाली वीस पानांची एक जुडी. घडीवरून चमच्याची पाठ फिरवायची. अशा तीन जुड्या. जाड पुस्तक अर्धं उघडून जुडी त्यात ठेवली आणि टोच्यानं घडीवर आतून बाहेर पाच भोकं पाडली. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट, मेणबत्तीवरून ओढलेला, म्हणजे गुंतत नाही, कागद चिरत नाही. सुई म्हणून दाभण. पोती शिवायचं दाभण जाड, नातीनं तेच घेतलं आणि एक जुडी फाडली. मग आजीनं आपली वाकळीची सुई काढली. मधल्या भोकातून बाहेर, शेजारच्यातून आत, टोकाच्यातून बाहेर, परत आत. मधलं भोक ओलांडून दुसऱ्या अंगालाही तसंच, आणि शेवटी मधल्यातून आत येऊन गाठ. वाकळ शिवणाऱ्या हाताला हे सांगावं लागलं नाही. तिन्ही जुड्या पाठीच्या एकाच कापडी पट्टीवर शिवल्या.

(दृश्य: खळ शिजते, लुगड्याचा काठ)

मैद्याची खळ. बाइंडर तिच्यात किडीसाठी मोरचूद टाकतात. ते विष आहे, चुलीवरच्या पातेल्यात नकोच. इथे टाकलेलं नाही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर आजीच्या लुगड्याचं कापड. दोन पुठ्ठे आणि पाठ यांच्यामध्ये थोडी फट सोडली, नाहीतर वही उघडत नाही. आणि आतूनही कागद चिकटवला, कारण कापड एकाच बाजूला असलं की वाळताना पुठ्ठ्याला पापडासारखं वळवतं. वरून पाटा. दोन रात्री.

(दृश्य: सजावट, जवळून)

पाकिटांचे खिसे. पत्रिकेतला गणपती कातरून एका पानाच्या कोपऱ्यात. एसटीची तिकिटं शिवणयंत्रावर एकाला एक जोडून झालर. बियाण्याच्या पाकिटावरचं टपोरं बोंड कापून मुखपृष्ठावर, काठाच्या बरोबर मधे. आजोबांच्या सदऱ्याचं बटण आणि त्याला अडकवायला नाडी. पावती मधल्या जुडीत, खिशात. चिकटवलेली नाही.

अशा तीन वह्या आतापर्यंत विकल्या गेल्या. मिळालेल्या पैशांत खळीचा मैदा निघाला, मजुरी नाही.

(दृश्य: वही मिटते, मिटत नाही)

ही वही विकायची नाही. आत इतकं कोंबलंय की तिचं पोट सुटलंय, नाडी बटणापर्यंत पोचत नाही. आजीनं नाडीला दोन बोटं जोड दिला.

आम्ही दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा वही खिडकीत होती, पेन्सिल खोचलेली. पाटीच्या चौकटीतून निघालेल्या त्या सहाव्या पानावर आजीनं लिहून ठेवलं होतं: सोमवार अर्धा लिटर, मंगळवार नाही, बुधवार अर्धा.