लाल कूज: रंगावर जाऊ नका

नमस्कार, श्रोतेहो. ऊस उभा चिरला आणि आतला गर लाल निघाला, की पुष्कळ जण तिथल्या तिथे ठरवून टाकतात, 'लाल कूज!' लाल कूज हा उसाचा बुरशीमुळे होणारा रोग खरा, पण जरा थांबा. ही लाली बुरशीची नव्हे, उसाची. बुरशी शिरली काय किंवा किडीनं पोखरलं काय, ऊस बचावासाठी लाल रंगद्रव्यं तयार करतो. तेव्हा नुसत्या रंगावर निदान करू नये.

लाल गरात मधूनमधून आडवे पांढरे पट्टे आहेत का, ते बघा. मग कांडी नाकाशी धरा. आंबूस, दारूसारखा वास आला, तर संशय बळावतो. मर हा दुसऱ्या बुरशीचा रोग, त्यातही गर मळकट लाल होतो, पण हे पट्टे नसतात आणि कांडी आतून पोकळ होत जाते. वास अननसाचा आला, तर ती तिसरीच बुरशी. ती बेण्याच्या कापलेल्या टोकांतून शिरते.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकाचं. लाल कुजीची बुरशी म्हणजे कोलेटोट्रायकम फाल्केटम. तिचे बीजाणू विळ्याच्या पात्यासारखे वाकडे आणि रंगहीन. पंचाईत अशी, की मर रोगाच्या फ्युजेरियमचे मोठे बीजाणूही वाकडेच! पण त्यांत आडवे पडदे असतात, कोलेटोट्रायकमचा बीजाणू मात्र सलग, एकपेशीय. शिवाय त्याच्या पुंजक्यात काळे, ताठ केस उभे असतात. मका आणि ज्वारीवरच्या कोलेटोट्रायकमचे बीजाणूही असेच दिसतात, म्हणून पक्क्या ओळखीसाठी आता डीएनए तपासतात.

नावाचा घोळ जुना आहे. 1893 साली वेंट या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी जावातल्या उसावरून या बुरशीचं वर्णन केलं. तिच्या लैंगिक अवस्थेला मात्र अर्जेंटिनातल्या तुकुमानवरून ग्लोमेरेला तुकुमानेन्सिस हे नाव मिळालं. बुरशी एक, नावं दोन, आणि दोन्ही वैध! ही मुभा 2011 साली मेलबर्नला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत संपली, आणि माझ्या मते बरंच झालं. जुन्या पुस्तकात ग्लोमेरेला दिसली, तर ती वेगळी बुरशी समजू नका.

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना पार कुजलेला तुकडा देऊ नका. त्यावर कुजक्यावर जगणाऱ्या इतर बुरश्या माजलेल्या असतात. निरोगी आणि लाल भाग जिथं मिळतो, तिथला तुकडा घ्या आणि प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळा.