चहा गाळेपर्यंत संपलेली बाजू

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या रविवारी माझा भाचा काखेत एक बारा इंची रेकॉर्ड घेऊन घरी आला. आमच्याकडे वडिलांच्या वेळचा प्लेअर आहे, मध्यंतरी त्याचा पट्टा बदलून घेतलाय, त्यामुळे चालतो. मी चहाचं आधण ठेवलं, त्यानं सुई टेकवली, आणि असा काही गदारोळ उठला की आतून आईनं विचारलं, "अरे, माळ्यावरनं काय पडलं?" पहिलं गाणं संपलं हे मला दुसरं निम्मं झाल्यावर कळलं. चहा गाळून कपात ओततोय तोवर भाचा म्हणाला, "मामा, झाली. उलटव."

आठ गाणी आणि एकंदर सव्वानऊ मिनिटांच्या आसपास वेळ. तेवढ्या वेळात आपल्याकडच्या संगीत नाटकातल्या नटानं एकाच पदाला दोनदा वन्समोअर घेतला असता.

बँडचं नाव मायनर थ्रेट, संगीत पंक, म्हणजे रॉकचाच वेगवान, रांगडा प्रकार, गाव अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, साल 1981. मूळ रेकॉर्ड सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांची. आपल्या घरोघरी भावगीतांच्या ज्या छोट्या ई.पी. असायच्या, बरोबर त्या मापाची. भाच्यानं आणली ती नंतरची आवृत्ती. बँडच्या पहिल्या दोन छोट्या रेकॉर्ड 1984 साली एका मोठ्या तबकडीवर आणल्या गेल्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. तीच आजवर पुन्हापुन्हा काढली जाते.

नावातली गंमत आधी सांगतो. मायनर म्हणजे किरकोळ, आणि मायनर म्हणजे कायद्याच्या भाषेत 'अज्ञान', वयात न आलेला. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असं लिहिलेलं असतं, त्यातला 'अ' तो हाच. म्हणजे किरकोळ धोका, शिवाय पोरासोरांकडून असलेला धोका. पोरं खरोखरच पोरं होती. गाणारा इयन मकाय आणि ड्रम वाजवणारा जेफ नेल्सन नुकते शाळेतून बाहेर पडलेले. बेस वाजवणारा ब्रायन बेकर सोळा वर्षांचा. गिटारवर लाईल प्रेस्लर.

इयन आणि जेफ त्याआधी टीन आयडल्स नावाच्या बँडमध्ये होते. त्या बँडनं वर्षभर कार्यक्रम केले आणि मिळालेला एक पैसाही वाटून घेतला नाही. सगळं सिगारच्या डब्यात टाकलं. बँड मोडला तेव्हा डब्यात सुमारे 600 डॉलर निघाले. चौघांत वाटले असते तर दोन-तीन महिन्यांत उडाले असते. त्यांनी त्यातून स्वतःचीच रेकॉर्ड काढली, आणि ती काढायला 1980 मध्ये एक कंपनी उघडली, डिस्कॉर्ड. कंपनी म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. पत्ता इयनच्या आईवडिलांच्या घराचा होता.

आता या पोरांपुढे एक अडचण. रेकॉर्डचं कव्हर करतात कसं? कारखान्याकडून तयार करून घ्यायला पैसे नाहीत. मग इंग्लंडहून आलेल्या एका सात इंची रेकॉर्डचं कव्हर घेतलं, त्याच्या डिंकानं चिकटवलेल्या कडा हलक्या हातानं सोडवल्या, उघडून टेबलावर पसरलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट उलगडून पाहिलंय ना कधी? तसंच. ती आकृती छापखान्यात दिली. छापून आले ते मोठाले कागद. मग मित्रमंडळी जमवून कात्रीनं कापायचं, घडी घालायची, डिंक लावायचा. अशी हजारो कव्हरं त्यांनी हातानं केली. दिवाळीत आकाशकंदील करायला बसलेली आळीतली पोरं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र पुरं होईल.

मायनर थ्रेटच्या पहिल्या कव्हरवर इयनचा धाकटा भाऊ अलेक पायऱ्यांवर बसलाय. डोकं तुळतुळीत, दोन्ही हातांच्या घडीत खाली घातलेलं. चेहरा दिसतच नाही. दमलाय, रुसलाय की नुसता डुलकी काढतोय, सांगता येत नाही. या एका फोटोची पुढे इतक्यांनी नक्कल केली की मोजदाद नाही. 2005 साली नायकी कंपनीनं आपल्या स्केटबोर्डिंग दौऱ्याच्या पोस्टरसाठी त्याची हुबेहूब नक्कल केली, न विचारता. बोंबाबोंब झाल्यावर जाहीर माफी मागितली.

ध्वनिमुद्रण झालं शहराला लागूनच असलेल्या आर्लिंग्टनमध्ये, इनर इअर स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे डॉन झिएन्टारा नावाच्या गृहस्थांच्या राहत्या घराचं तळघर. ऐकताना तळघर ऐकू येतं, हे मी कौतुकानं म्हणतोय. ड्रम भिंतीला टेकून बसल्यासारखा जवळून वाजतो आणि इयन शब्द एवढ्या घाईनं टाकतो, जणू कुणी मेन स्विच बंद करायला जिना उतरतंय. वेग मात्र बेताल नाही. चौघं एका ठोक्यावर थांबतात आणि एका ठोक्यावर सुटतात. ही शिस्त त्यांनी त्याच शहरातल्या बॅड ब्रेन्स या बँडला समोर उभं राहून ऐकून घेतली. ते कृष्णवर्णीय वादक जॅझ फ्यूजनकडून, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाकडून, पंककडे आलेले, हात तयार असलेले.

यातलं एक गाणं, 'स्ट्रेट एज', पाऊण मिनिटाचं आहे. सांगणं एवढंच की मला नशेची गरज नाही. मागची हकिकत अशी. टीन आयडल्सची पोरं कॅलिफोर्नियात वाजवायला गेली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबनं अल्पवयीनांना दारू मिळू नये म्हणून त्यांच्या हातांवर मार्करनं मोठी फुली मारली. पोरांनी परत आल्यावर आपल्या गावच्या क्लबवाल्यांना सांगितलं, आम्हालाही मारा फुली, पण गाणं ऐकायला आत सोडा. बंदीची ती खूण पोरांनी पुढे हौसेनं मिरवली. गाण्याच्या नावानं जगभर एक पंथच निघाला, त्यात काही ठिकाणी दुसऱ्याच्या हातातला ग्लास उडवणारेही निघाले. मला चळवळ काढायचीच नव्हती, हे इयन मकाय तेव्हापासून सांगत आलाय. आपल्याकडे पंथ कसे निघतात हे पाहिलेल्यांना नवल वाटू नये.

सगळंच गोड मानून घेऊ नका. दुसऱ्या बाजूला गोरं असण्याचा दोष माथी मारला जातो अशी तक्रार करणारं एक गाणं आहे. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकलेल्या गोऱ्या पोराचं ते गाणं. हेतू वंशद्वेषाविरुद्धचा होता असं इयन म्हणतो, आणि मी ते मानतो. पण काही वंशद्वेष्ट्यांनीच ते उचलून धरलं. एकोणीस वर्षांच्या मुलाला एका मिनिटात जेवढं कळतं तेवढंच त्यात आहे, आणि ते कमी पडतं.

तरी ही रेकॉर्ड मला आवडली, आणि त्याचं निम्मं कारण तिच्या विक्रीत आहे. हातानं कापलेल्या त्या पहिल्या प्रती आज संग्राहक भलत्याच किमतीला घेतात. डिस्कॉर्डला हे सोपं होतं. माल दाबून ठेवायचा, चाळीस वर्षांनी सोनेरी पेटीत घालून 'मर्यादित आवृत्ती' म्हणून विकायचा. त्यांनी तसं केलं नाही. बँडशी कागदी करार न करणारी ही कंपनी आजही चालू आहे, आणि ही गाणी वाण्याच्या दुकानातल्या तूरडाळीसारखी तिच्याकडे कायम मिळतात. संपली की पुन्हा काढायची. म्हणून भाच्याच्या प्रतीचं कव्हर कारखान्यातलं, कडा सरळ, डिंकाचा डाग नाही. मला क्षणभर वाईट वाटलं. त्याला काडीचंही नाही. त्याला गाणी हवी होती.

आमच्या निर्मात्यांनी आता घड्याळ दाखवलंय. तर ते पाऊण मिनिटाचं गाणं लावतो. घरात कुणी झोपलं असेल तर रेडिओचा आवाज कमी करायला उठू नका, तुम्ही पोचेपर्यंत ते संपलेलं असेल.