काळी दोन

(सुरुवातीला काळा पडदा, नुसता कॅसेटचा आवाज. खरखर, मग ढोलकी, मग कीबोर्ड. हळूहळू जुना टेपरेकॉर्डर दिसायला लागतो.)

हे जे ऐकताय ना, ही १९९१ सालची कॅसेट आहे. कवठेमहांकाळच्या बाजूला एका गावची यात्रा होती, तिथं कुणीतरी समोर भोंग्याखाली टेप ठेवून भरलेली. ढोलकी ऐकू येतीय, कीबोर्ड ऐकू येतोय, गाणाऱ्या ताई तर स्वच्छ ऐकू येतायत, मागं एक लहान पोरगं रडतंय तेसुद्धा कळतंय. मी स्टेजवर होतो, बास गिटार, म्हणजे खालचे जाड सूर देणारी गिटार, वाजवत होतो, त्या रात्री तीन तास वाजवलं. आणि या अख्ख्या कॅसेटमध्ये मी कुठंच नाही.

कारण साधं आहे. बासची सगळ्यात जाड तार उघडी छेडली की ४१ हर्ट्झचा सूर येतो, आणि त्या काळात गावोगावी जे पत्र्याचे भोंगे झाडाला नाहीतर देवळाच्या कळसाशेजारी बांधायचे, त्यांना तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही देताच यायचं नाही. माणसाचं बोलणं कडक ऐकू जायचं, सनई जायची, ढोलकीची थाप जायची, बास मात्र स्टेजच्या फळ्यांतच जिरायचा. फळ्यांवर उभ्या असलेल्या आम्हा आठ जणांना तो पायातनं कळायचा. गावाला नाही.

(सांगली मार्केट यार्ड, सकाळ. हळदीचे सौदे चाललेत.)

मी पोटापाण्याला दिवाणजी. हळदीच्या अडत दुकानात पट्ट्या, म्हणजे बिलं, करायची, वजनं लिहायची, सौदे झाले की हिशोब लावायचा. राजापुरी हळद हाताला लागली की दोन-दोन दिवस रंग जात नाही, त्यामुळं माझी पहिली गिटार ओळखायला सोपी होती, दांडा पिवळा पडलेला. बासकडं मी काही ठरवून गेलो नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये साधी गिटार वाजवायचो, १९८८ ला सांगलीच्या गावभागातल्या एका ऑर्केस्ट्रात गेलो, तिथं आधीच एक गिटारवाला होता आणि त्यांचा बासवाला नोकरी लागून पुण्याला गेला होता, मास्तर म्हणाले, "लगा, हे धर, चारच तारा हैत." एवढंच. कलकत्त्याला बनलेली, सेकंडहँड, वजनाला नुसता दगड. पहिल्या पंधरा दिवसांत उजव्या हाताच्या दोन्ही बोटांना फोड आले, फुटले, परत आले, आणि मग जे घट्टे पडले ते आजही आहेत.

(जवळून: बोटांची टोकं.)

आता आमच्यात पट्टी, म्हणजे गाणं कुठल्या सुरावर धरायचं ते, कशी सांगतात ते सांगतो, कारण पुढं लागणार आहे. आम्ही सी, डी, ई म्हणत नाही. हार्मोनियमच्या पट्ट्या मोजायच्या, पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी दोन असं. सिंगर म्हणणार "पांढरी चार द्या" की सगळे लगेच तिथं. बासच्या चार उघड्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आणि काळी दोन म्हणजे पांढरी तीनच्या बरोबर एक घर, म्हणजे अर्धा सूर, खाली. म्हणजे माझ्या जाड तारेच्याही खाली. काळी दोनचा तो खोल सूर माझ्या बासवर नाहीच, वरच्या सप्तकातला घ्यावा लागतो, शेजारच्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या कडीवर, आणि तो वाजला तरी पाया घातल्यासारखं वाटत नाही, माळ्यावर राहायला गेल्यासारखं वाटतं. म्हणून काळी दोन आली की माझं तोंड उतरायचं, सगळ्यांना माहीत होतं.

गाणी बसवायची ती कॅसेटवरून. नोटेशन कुणाकडं होतं? गावभागातल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री नऊला जमायचो, दिवसभर कुणी बँकेत, कुणी एसटीत, एक जण शाळेत क्लार्क, ढोलकीवाल्याचं सायकलचं दुकान, सगळे हौशी. मास्तर टेप लावायचे, एक ओळ ऐकायची, थांबवायचं, मागं घ्यायचं, परत ऐकायचं. एकच कडवं चाळीस-पन्नास वेळा. आणि गंमत अशी व्हायची की टेपचा पट्टा सैल झाला की फीत हळू फिरायची आणि गाणं पाव सुरानं खाली उतरायचं, ना पांढरी ना काळी, मधेच कुठंतरी लोंबकळत. आम्ही वाद्यं लावून बसलेलो आणि गाणं जुळतच नाही. मग मास्तरांनी टेप उघडला, त्या मोटरला मागं एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो, घड्याळाचा स्क्रूड्रायव्हर घालून तो केसभर फिरवायचा, तिकडं एकानं पेटीवर पांढरी एक दाबून धरायची, आणि गाणं हळूहळू वर येत येत पेटीला येऊन चिकटलं की सगळी खोली एकदम "हां!" करायची. तो क्षण मला आजही फार आवडतो. गाणं धरून आणल्यासारखं.

बास ऐकून काढायचा तर कान टेपच्या जाळीला चिकटवून बसावं लागायचं. छोट्या स्पीकरमधनं बास येत नाही, अंदाज येतो. मग मी टेप लाकडी खोक्यावर पालथा ठेवायचो आणि खोक्यावर हात ठेवून ऐकायचो. निम्मा बास मी हातानं ऐकलाय.

लोक विचारतात, आजही विचारतात, की तुमचं स्वतःचं गाणं कुठलं? सगळी दुसऱ्याचीच वाजवली का? हो, दुसऱ्याचीच वाजवली. मुंबईच्या स्टुडिओत चाळीस-पन्नास वादक बसून जे गाणं व्हायचं ते आम्ही आठ जण टाटा ४०७ मधनं जत तालुक्यात घेऊन जायचो. व्हायोलिनचा ताफा एका कीबोर्डवर, बासरी कीबोर्डवरच, आणि बाकीचं सगळं अंगमेहनतीनं. समोर बसलेल्या माणसांनी ते गाणं रेडिओवर शंभरदा ऐकलेलं असायचं, पण माणूस समोर उभा राहून ते वाजवतोय हे पहिल्यांदा. इंट्रोचा पहिला तुकडा जसाच्या तसा पडला की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, म्हातारी माणसं मांडीवर ठेका धरायची. एक सूर जरी इकडचा तिकडं झाला तरी त्यांना कळायचं. मूळ गाणं त्यांच्या घरातलं होतं, आम्ही ते सांभाळून नेऊन पोचवायचो. हे काम मला कधीच कमी वाटलं नाही.

बिदागी सांगायची तर पहिल्या नाइटचे ५० रुपये मिळाले, आईच्या हातात दिले. पुढं वाढत गेले, पण यावर घर चालेल असं कधीच झालं नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. एका मंडळानं एकदा सुपारीचे राहिलेले पैसे बुडवले, पहाटे चारपर्यंत वाट बघून आलो. असो.

(रात्र. रिकामं मैदान, स्टेजच्या फळ्या.)

यात्रेत पहिलं काम अर्थिंगचं. लाईन कुठनं ओढलीय याचा भरवसा नसायचा, गिटारच्या तारांना हात आणि माईकला ओठ लागला की सणकन शॉक बसायचा. साऊंडवाला जमिनीत लोखंडी सळई ठोकायचा, तिच्या बुडात मीठ टाकायचा आणि कार्यक्रम चालू असताना मधनंमधनं कुणीतरी जाऊन तांब्याभर पाणी ओतून यायचं. ते काम बऱ्याचदा माझ्याकडं असायचं, कारण बास दोन मिनिटं थांबला तरी समोर कुणाला कळणार नाही असं सगळे धरून चालायचे. मीसुद्धा.

आता परत त्या कॅसेटकडं येतो.

(कॅसेट पुढं सरकते. एका गाण्याचा दुसरा अंतरा.)

इथं ऐका. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी. काही वेगळं वाटतंय? अजून नाही. आता बघा, ढोलकी किंचित पुढं पळायला लागली. कीबोर्डवाला तिच्यामागं. ताई त्यांच्या जागी आहेत पण श्वास घ्यायला जागा सापडत नाहीये, ओळीचा शेवटचा शब्द घाईत सोडतायत. अख्खं गाणं असं घसरणीला लागलंय. आणि आता... आता बघा, बसलं. परत जागेवर आलं, ढोलकी शांत झाली, ताईंनी ती ओळ लांबवली.

त्या मधल्या अर्ध्या मिनिटात माझ्या बासची जॅक पिन, वायरीचं टोक, निघाली होती. कुणाचातरी पाय वायरीत अडकला. मी खाली वाकून अंधारात पिन शोधत होतो. हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, पिन लावली, वाजवायला लागलो, विसरून गेलो. कितीतरी वर्षांनी कॅसेट ऐकली तेव्हा लक्षात आलं. अख्ख्या कॅसेटमध्ये मी असेन तर इथं, या अर्ध्या मिनिटात आहे.

(विष्णुदास भावे नाट्यमंदिर, बाहेरनं.)

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं, मराठी नाटकाची सुरुवात तिथनं धरतात. त्यांच्या नावाच्या या नाट्यमंदिरात ९४-९५ च्या सुमाराला आमचा कार्यक्रम झाला. भोंगे नव्हते, मोठे बॉक्स होते, पंधरा इंची. साऊंड चेकला मी नुसती जाड तार छेडली आणि समोरच्या खुर्च्यांची बुडं थरथरली. सहा-सात वर्षं वाजवत होतो आणि माझा आवाज बाहेरनं मी पहिल्यांदा ऐकला. मास्तर तिसऱ्या रांगेतनं ओरडले, "आरं, हे रोज वाजवत होतास व्हय!" माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं. त्या दिवशी निवेदकानं नेहमीप्रमाणं सांगितलं की आशाताईंचा जन्म आपल्या सांगलीचा, १९३३ चा, आणि नेहमीप्रमाणं टाळ्या पडल्या, पुढचं गाणं आमच्या ताईंनी असं गायलं की मी वाजवायचं सोडून ऐकत बसलो असतो, पण पिनेचं काय झालं होतं ते बघितलंच तुम्ही.

(मिरज. सतारमेकर गल्ली. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा.)

९७ ला टेम्पोतनं उतरवताना बास खाली पडला, दांडा मानेजवळ तडकला आणि फ्रेट वरखाली झाले, तार कुठंही दाबली तरी झणझणायची. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. कुणीतरी म्हणालं मिरजेला जा, तिथं लाकडाचं काहीही होतं. मिरजेत सतारी, तंबोरे बनवणारी शिकलगारांची घराणी आहेत, मूळ धंदा हत्यारांना धार लावायचा, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडं वळले, आणि आता २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. मी गेलो त्या चाचांनी आयुष्यात बास गिटार हातात धरलेली नव्हती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, जाड तार छेडली, कान लावला आणि मला म्हणाले, "याची जवारी कुठाय?"

सतारीच्या घोडीचा माथा ते कानसनं असा घासतात की तार तिथं निसटती टेकत राहते आणि सुराला ती रेंगाळणारी झिणझिण येते. ती जवारी. त्यांची अख्खी हयात ती झिणझिण आणण्यात गेलेली, आणि मी त्यांना सांगत होतो की चाचा, मला ती घालवायचीय. ते हसले नाहीत. बराच वेळ तार छेडत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मला माझंच काम उलटं करायचंय." दांड्यात लाकडाची पाचर बसवली, सरस भरला, दोरीनं आवळून दोन दिवस ठेवला. मग एकेक फ्रेट कानसनं उतरवला, प्रत्येक वेळी तार छेडून, डोळे मिटून. चार वेळा मला बोलावलं. शेवटी तार स्वच्छ बोलली तेव्हा तेच म्हणाले, "आवाज छान आहे, पण कोरडा आहे." आणि पैसे घेताना निम्मेच घेतले, कारण विचारलं तर म्हणाले शिकायला मिळालं. तोच दांडा आजही आहे. पाचर बघा, इथं, रंग वेगळा दिसतोय.

पुढचं भराभर सांगतो कारण भराभरच झालं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. नियम बरोबरच आहे, आजारी माणसाच्या दाराशी रात्री दोनला मीही वाजवणार नाही. पण यात्रेतला कार्यक्रम सुरूच व्हायचा दहाला, जेवणं उरकून, गुरंढोरं बांधून लोक यायचे तेव्हा. मग डीजे आले, ट्रॅक आले, पेनड्राइव्हवर अख्खा ऑर्केस्ट्रा आणि सोबत एक सिंगर. चार-पाच वर्षांत ४०७ बंद झाली. मास्तर गेले. ढोलकीवाल्यानं दुकान पोराकडं दिलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. खालच्या खोलीत माझी कॅसेटची पेटी होती, साठेक कॅसेट, सगळ्या प्रॅक्टिसच्या आणि कार्यक्रमांच्या. बास मी वर नेला, पेटी राहिली. पाणी उतरल्यावर बघितलं तर फिती चिखलात लगदा झालेल्या. ही ९१ ची वाचली ती माझ्याकडं नव्हतीच म्हणून, ताईंकडं विश्रामबागला होती.

(ताईंच्या घरातली खोली. कीबोर्ड, ढोलकी, बास.)

ताईंनीच परत बोलावलं. म्हणाल्या, मला त्या कराओकेत गाता येत नाही रे, तो माझ्यासाठी थांबत नाही. मी जरा ओळ लांबवली तर तो पुढं निघून जातो. तर आता दर रविवारी आम्ही चौघं जमतो, ढोलकीवाला येतो, हात थोडा कापतो त्याचा पण ठेका पक्का आहे, कीबोर्डवर त्याचा नातू. कार्यक्रम-बिर्यक्रम काही नाही. खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडं ठेवतात एवढंच.

ते ९१ च्या कॅसेटमधलं गाणं या रविवारी घ्यायचंय. ताई तेव्हा ते पांढरी चारला गायच्या. परवा फोन आला, जरा चाचरतच म्हणाल्या, आता तेवढं वर जात नाही, काळी दोन चालेल का तुला?

म्हटलं, चालेल. पूर्वी हे कधी सुचलं नव्हतं, दर गाण्याला पट्टी बदलायची, तार कुठं चढवत-उतरवत बसणार. पण आता एकच गाणं आहे आणि वेळ भरपूर आहे.

(जवळून: खुंटी हळूच फिरते. जाड तार, अर्धा सूर खाली. एकच सूर, लांब.)

ही बघा. काळी दोन.