शेपूट वाकडंच बरं
(पुण्यात फॉस्टर कुटुंबांच्या, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री सांभाळणाऱ्यांच्या, मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'वर्तनसमस्या असलेल्या कुत्र्यांचा सांभाळ आणि प्रशिक्षण'. त्यावर बोलणार आहेच. पण त्याआधी एका म्हणीचा हिशेब चुकता करू द्या. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. इथे बसलेल्या प्रत्येकाला ही कुणी ना कुणी ऐकवलेली आहे. मला शेजाऱ्यांनी ऐकवली, नातेवाइकांनी ऐकवली, एकदा तर रिक्षावाल्या काकांनी ऐकवली, तीही कुत्रं माझ्या मांडीवर असताना.

आपल्या गावठी कुत्र्याचं शेपूट मुळातच वर वळलेलं. ते पाठीवर सैल वळून पडलेलं असलं की समजायचं, स्वारीचं बरं चाललंय. ते सरळ कधी होतं? भीतीनं खाली पडतं तेव्हा. भीती आणखी वाढली की मागच्या पायांत जातं. म्हणजे ज्याचं शेपूट सरळ झालं ते कुत्रं सुधारलेलं नसतं, धास्तावलेलं असतं. 'बघा, कशी शिस्त लावली' म्हणून मला जी कुत्री दाखवतात, त्यांच्यात बऱ्याचदा हेच सरळ शेपूट दिसतं आणि पोटात तुटतं. आणि हो, उंच, काठीसारखं ताठ, भराभर हलणारं शेपूट म्हणजे मैत्री नव्हे. तिथे हात पुढे करू नका.

आता तांबी.

हिंजवडीच्या पलीकडे एका बांधकामावर वॉचमननं पिल्लू पाळलं होतं. इमारत झाली, मजूर पुढच्या कामावर गेले, वॉचमनही गेला. ही सळईला बांधलेली तशीच राहिली. गळ्यात पट्टा नव्हता, तार होती. कुणी येताजाता उरलंसुरलं टाकायचं आणि तेवढ्यासाठी आजूबाजूची मोकळी कुत्री तुटून पडायची. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लढावंच लागतं. आमच्याकडे आली तेव्हा दातांवरून वय अडीच वर्षांचं निघालं, आणि तोवर तीन माणसांना चावलेली होती. घरात आल्यावर दिवसभर कोपऱ्यात मुटकुळं करून बसायची. पण स्टीलची ताटली फरशीवर टेकल्याचा आवाज झाला की वेगळीच व्हायची. ताटलीवर मान घालायची, आणि कुणी स्वयंपाकघराच्या दारात आलं तरी गुरगुरायची.

मी एका ट्रेनरना बोलावलं. नाव घेत नाही. त्यांनी सांगितलं, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपातला वरचढ म्होरक्या, व्हा. खाताना ताटलीत हात घाला, गुरगुरली की ताटली काढून घ्या, पुन्हा गुरगुरली तर पाठीवर पाडून दाबून धरा. मी ते केलं. सोळा दिवस केलं. सतराव्या दिवसापासून ती गुरगुरेनाशी झाली आणि आम्ही घरात पेढे वाटले. पंचविसाव्या दिवशी मी ताटलीजवळून पोछा मारत गेले, आणि आवाज नाही, इशारा नाही, थेट मनगट. चार दात आत.

हे 'अल्फा' आलं कुठून तेवढं सांगते, कारण आजही कुठल्याही क्लासमध्ये हा शब्द कानावर पडतो. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास छापला. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले लांडगे, त्यांच्यातली वरचढपणाची भांडणं. 1970 मध्ये डेव्हिड मीच यांच्या पुस्तकानं ही कल्पना जगभर नेली. मग याच मीच यांनी रानातल्या मोकळ्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिलं आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आई, बाप आणि त्यांची पोरं. सिंहासनासाठी रोजची मारामारी तिथे नसते. संध्याकाळच्या विरार लोकलमधली ढकलाढकली पाहून मराठी कुटुंब कसं चालतं हे ठरवावं, तसं ते पहिलं अनुमान होतं. ते लांडग्यांना लागू नाही आणि तांबी तर लांडगाही नाही. ज्यांनी हा शब्द जगभर नेला त्यांनी तो मागे घेतला, आपल्या गल्लीतल्या ट्रेनरनं नाही घेतला, आणि त्याची किंमत कुत्री मोजतात. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची 'थांब' अशी विनंती. त्याआधीही ते बरंच काही सांगत असतं. घास चावणं थांबतं, तोंड मिटतं, अंग दगडासारखं होतं, मान तशीच खाली ठेवून नजर तिरकी होते आणि डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीएवढा दिसतो. ते मला वाचता येत नव्हतं. जे ऐकू येत होतं ते मी मारून टाकलं. फाटकावरची 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी काढली म्हणून आतलं कुत्रं निवळत नाही. तिची भीती जशीच्या तशी होती, पाटी तेवढी गेली होती.

फॉस्टर करणाऱ्यांसाठी इथेच सांगते, नंतर राहून जाईल. चावलं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, 15 मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात त्वचेत देतात ती रेबीजची लस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, लागतं, ते तुम्ही स्वतः मागा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसू नका.

हाताला पट्टी बांधून बसले होते तेव्हा सासूबाई वाईहून आल्या. त्यांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्यानं पळवली तेव्हा ते पोळी काढून घ्यायला धावले नव्हते. तुपाची वाटी घेऊन धावले होते. तू काय घेऊन जातेस तिच्याकडे?"

मी आजवर बरंच वाचलंय, कार्यशाळा केल्यात. पण या दुखण्याचा उपाय याहून नेमका मला कुणी सांगितलेला नाही.

मग आम्ही वाटी घेऊन जायला लागलो. धावायचं मात्र नाही. आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फरशा आहेत. तांबीची ताटली भिंतीशी, आणि सासूबाई सातव्या फरशीवरून चालत जाणार. थांबायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, जाता जाता उकडलेल्या कलेजीचा तुकडा ताटलीच्या दिशेनं टाकायचा आणि निघून जायचं. ताटलीत साधा भात, बाहेरून येते ती कलेजी. दिवसातून दोनदा, जेवणाला पाच फेऱ्या. सासूबाईंची पावलं ऐकून तिनं आपणहून मान वर करावी आणि तोंड सैल असावं, असं सलग काही दिवस झालं की मग सहावी फरशी. चौथ्या फरशीवर मी एकदा घाई केली, एका दिवसात दोन फरशा पुढे गेले. तिचं घास चावणं थांबलं. अंग दगड. मी मागे फिरले आणि पुन्हा पाचव्यापासून सुरू केलं. सातवरून एकवर यायला साडेतीन महिने लागले. मधे एका संध्याकाळी ती पुन्हा हलकंसं गुरगुरली आणि मला रडू आलं. पाटी परत लागली होती. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ताटलीत तोंड असताना, तिचं शेपूट पहिल्यांदा पाठीवर वळलं. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. मूळ विषय आता भराभर.

पहिली गोष्ट, ट्रेनरच्या आधी पशुवैद्य. कान, दात, सांधे, गोचीडताप. दुखणारं कुत्रं चावतं आणि वेदनेवर प्रशिक्षण चालत नाही. दुसरी, आल्या आल्या काही शिकवू नका. एक कोपरा, एक अंथरूण, ठरलेल्या वेळा, पाहुणे नकोत, अंघोळ नको. बाहेर नेताना छातीभोवतीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्हीला दोर, कारण घाबरलेलं कुत्रं एकातून मान काढून पळतं.

मग अंतर. समजा ते दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातं. समोरचं कुत्रं दिसतंय तरी तुमचं खाऊ शकतंय, एवढं लांब उभं राहा. दिसलं की पनीर, नजरेआड झालं की पनीर बंद. खाणं नाकारलं तर तुम्ही फार जवळ आलात. फटाक्यांचंही तेच. रेकॉर्ड केलेला आवाज अगदी बारीक ठेवून, खाऊ देत, महिनोन् महिने आधी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही.

सगळं पुसलं जाईल अशी आशा मात्र धरू नका. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरला वर्षानुवर्षं पिल्लं अभ्यासून 1965 मध्ये दाखवलं की जग ओळखीचं होण्याचा महत्त्वाचा काळ साधारण 3 ते 12 आठवड्यांचा असतो. तो सळईला बांधून गेला असेल तर नंतर भीती कमी होते, पण काही राहते. तांबी आज कराडजवळ एका घरी आहे. तिथेही ती वेगळ्या खोलीत जेवते आणि घरातल्या लहान मुलाला त्या वेळी आत सोडत नाहीत. नेणाऱ्यांना मी चारही वेळा चावल्याची हकिकत लिहून दिली होती. ती लपवून कुत्रं देऊ नका. परत आलेलं कुत्रं दुसऱ्यांदा जास्त मोडतं.

आणि मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला लावायची मुसकी. बास्केटचा घ्या, ज्यात धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्टीचा फिरायला वापरू नका, उन्हाळ्यात जीव जाईल. आधी नुसता दाखवा, मग आत दही लावून चाटू द्या, बंद लावायची घाई नको. बाहेर टेबलावर चार मापांचे ठेवलेत. नाकाची लांबी डोळ्यांखाली एक बोट सोडून मोजायची. टेप माझ्याकडे आहे, या.