कसारा घाटातला दडा आणि लसणीचं तेल

मंडळी, मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढू लागलो की कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, 'टक्' होतं आणि कान मोकळा. मला त्या 'टक्'पासूनच सुरुवात करायची आहे. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून, म्हणजे मधल्या कानातून, एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा करते.

मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात जवळपास निम्मी, आणि आडवी पडल्यासारखी. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, मधल्या कानात पाणी साचतं आणि नाकातले जंतू तिथे वाढतात. म्हणून सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांचे कान सारखे दुखतात. 'गार वारा लागला, कानटोपी घातली नव्हती' हे आजीचं निदान. कानटोपी जरूर घाला, बाळ गोड दिसतं. पण जंतू आलेला असतो नाकातूनच.

एका घरातली रात्र सांगते. तीन वर्षांचा मुलगा, दोन दिवस सर्दी. रात्री अकराला कान धरून रडायला लागला. आजींनी तेलात लसूण कडकडवली, तेल कोमट झाल्यावर चार थेंब कानात सोडले. पोरगा तासन्‌तास रडला आणि पहाटे एकदम गाढ झोपला. सकाळी उशीवर पिवळसर डाग. आजी म्हणाल्या, "बघा, तेलाने घाण बाहेर काढली." मी दुर्बिणीतून पाहिलं तर पडद्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. आत पू साचून ताण वाढला, पडदा फुटला, ताण उतरला, म्हणून दुखायचं थांबलं. तेल बिचारं पडद्याच्या अलीकडेच होतं. आजींना हे सांगणं मात्र पडदा तपासण्यापेक्षा अवघड गेलं!

असं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक भरतं. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय काही घालायचं नाही. पण कान वाहतच राहिला, तर 'मोठा झाला की बरा होईल' म्हणून वर्षं काढू नका. ऐकू कमी येत जातं, आणि घाण वास येणाऱ्या काही कानांत आतलं हाडसुद्धा पोखरलं जातं.

मग त्या रात्री करायचं काय होतं? वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं आणि सकाळी दाखवायचं. अँटिबायोटिक दर वेळी लागतंच असं नाही. दोन वर्षांवरचं मूल असेल, दुखणं बेताचं असेल, तर डॉक्टरांच्या नजरेखाली दोन-तीन दिवस वाट पाहता येते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, ताप १०२च्या वर असेल किंवा कानामागे सूज आली असेल, तर थांबू नका. आणि असं दुखणं मुळात कमी व्हावं म्हणून बाळाला अंगावर पाजा, बाटली आडवं निजवून देऊ नका, घरात विडी-सिगारेट नको. असं कानदुखणं करणाऱ्या एका जंतूवरची, न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.

आता मोठी माणसं. त्यांचा बाहेरचा कान बिघडतो, आणि तो बहुधा स्वतःच्या हाताने. आपल्या नाशकातल्या द्वारकेच्या सिग्नलला थांबा, गाडीच्या किल्लीने कान कोरणारा एक तरी गृहस्थ दिसतोच. कानातला मळ ही घाण नव्हे. तो किंचित आम्ल असतो, जंतूंना थोपवतो आणि बहुतेकांच्या कानातून आपला आपण बाहेर सरकतो. आपण काडी घालून त्याला आत ठासतो, वर कातडीला ओरखडे काढतो. त्यात पावसाळ्याची दमट हवा आणि रोजचं तेल, म्हणजे बुरशीची चंगळच. दुर्बिणीतून अशा कानात ओल्या कागदाच्या लगद्यासारखा थर दिसतो आणि त्यावर काळे ठिपके, शिळ्या पावावर असतात तसे. पोहून आल्यावर डोकं एका बाजूला कलवा, पाणी निथळू द्या, बाहेरून टॉवेलने टिपा. बस.

मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी एवढं लक्षात ठेवावं: रात्री झोप उडवणारा ठणका असेल, तर स्राव थोडासा दिसला तरी दुसऱ्याच दिवशी दाखवा. हा संसर्ग कवटीच्या हाडात उतरू शकतो.

हं, मागच्या रांगेतल्या काकूंचा हात वर आहे. "दिवाळीच्या अभ्यंगालाही कानात तेल नाही का?" काकू, पाळीला लावा, कानामागे भरपूर चोळा. भोकात नको. आणि नातवाचा कान फुटलेला असेल तर न्हाऊ घालण्याआधी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन माखून तो बाहेरच्या बाहेर बसवा, अंघोळ झाली की काढून टाका.